माझ्या नावाचा गुलाल

६ जानेवारी, सोमवार

ही डायरी पतसंस्थेची, दरवर्षी फुकट मिळते. पहिल्या पानावर चेअरमन दादांचा हात जोडलेला फोटो आहे. सकाळपासून मी त्यावर चहाचा कप ठेवतोय. दोन गोल डाग पडलेत, अजून बरीच जागा शिल्लक आहे.

आजवर या डायऱ्यांत मोटारींचे हॉर्सपॉवर आणि गिऱ्हाइकांचे फोन नंबर सोडून काही लिहिलं नाही. आज लिहितोय, कारण बोलायला गेलो तर तोंडातून शिव्याच येतील आणि समोर गिऱ्हाईक बसलंय.

वीस वर्षं मी दादांच्या पॅनेलचं काम केलं. सोसायटी, ग्रामपंचायत, पतसंस्था. कुणाच्या घरात किती मतं, कुठला भाऊ कुठल्या भावाशी बोलत नाही, कोण शब्द पाळतो आणि कोण चहा आमचा पिऊन शिक्का तिकडं मारतो, सगळं मला पाठ. इस्लामपुरातल्या माझ्या दुकानात शेतकरी जळालेली मोटार नव्या तारेनं भरायला घेऊन येतो, पाणी बंद पडलं म्हणून रडतो आणि मी मनात त्याच्या घरातली मतं मोजत असतो. दर निकालाला माझ्या डोक्यावर गुलाल पडला, पण दुसऱ्याच्या नावाचा. या खेपेला स्वीकृत संचालक म्हणून माझं नाव घेतो असं दादा याच दुकानात, याच बाकड्यावर बसून म्हणाले होते. परवा नाव जाहीर झालं. ऋषिराज, दादांचा भाचा. पुण्यात राहतो. पतसंस्थेचं दार कुठल्या बाजूला आहे ते त्याला विचारून बघा.

मी जाऊन विचारलं. दादा म्हणाले, "नाथाजी, तू घरचाच हाईस की. तुला पद कशाला पायजे?"

घरचा म्हणजे पंगतीत शेवटी बसणारा, हे मला आज कळलं.

तर आज मी एक काम केलं. लॉकडाऊनमध्ये दुकान बंद होतं तेव्हा आर्मीतल्या मावसभावानं, पृथ्वीराजनं, फोनमध्ये एक फुटबॉलचा गेम घालून दिला होता. त्यात आपण पळायचं नसतं. प्रत्येकाचा एक क्लब असतो, कॉम्प्युटरनं जन्माला घातलेली पोरं असतात, त्यांना आपण तयार करायचं, मॅच कॉम्प्युटर खेळतो. जगभरातली माणसं यात आहेत. प्रत्येक देशाची एक वीस वर्षांखालच्या पोरांची टीम असते आणि तिचा मॅनेजर त्या देशातले क्लबवाले मत देऊन निवडतात. भारताच्या मॅनेजरची निवडणूक आता पंचवीस तारखेला आहे.

मी उभा राहिलो. बटण दाबलं आणि उभा राहिलो. सूचक नाही, अनुमोदक नाही, दादांना विचारणं नाही.

संयोगिताला सांगितलं. ती भाकरी थापत होती. "पगार किती?" म्हणाली.

"पगार न्हाई."

"मग दादांचंच काम की ह्ये."

ही बाई माझी बायको आहे की विरोधी पक्षनेता, लग्नाला अठरा वर्षं झाली तरी ठरलेलं नाही.

९ जानेवारी, गुरुवार

उमेदवार दोघंच. दुसरी वाईची. शरयू नाव, कुठल्याशा शाळेत गणित शिकवते. तीन वर्षं ही गेममध्ये देशभरातली चांगली पोरं हेरायचं काम करत होती, आता हिला मॅनेजर व्हायचंय. मला मेसेज केला: "नाथाजीदादा, तुम्ही उभे राहिलात हे पाहून आनंद झाला. निवडणूक चांगली होईल."

मला दादा म्हणायचं नाही. या शब्दाचा मला वास येतो. आणि समोरचा उमेदवार उभा राहिल्यावर आनंद होणारा माणूस एकतर खोटा असतो नाहीतर त्याची मतं मोजून झालेली असतात. मी उत्तर दिलं नाही.

माझी मोजणी सुरू. सातारा-सांगलीतले अकरा क्लबवाले मीच या नादाला लावलेत, त्यांना खातं उघडून देण्यापासून शिकवलंय. भाऊसो, रिटायर सुभेदार, आमच्याच गावचा. जयराज, शिरवळच्या कंपनीत आहे. बाकीचे असेच. गेममध्ये प्रत्येकानं आपला जिल्हा लिहिलेला असतो आणि निकाल जिल्हावार लागतो, ही सोय उत्तम आहे. कुणी दगा दिला ते दुसऱ्या दिवशी कळतं.

सांगली जिल्ह्यात एक क्लब मात्र माझ्या ओळखीचा नाही. नाव नुसतं 'पाणंद'. चार महिन्यांपूर्वी सुरू झालाय, मालकानं स्वतःचं नाव लिहिलेलं नाही. विचारपूस केली, उत्तर नाही. असा तोंड लपवून बसणारा माणूस दादांचाच असणार.

१२ जानेवारी, रविवार

गोव्यात बरेच मतदार आहेत. त्यांच्यातला जो वजनदार दिसला त्याला मी रीतसर निरोप धाडला: तुमची मतं मला, तुमच्या क्लबांतली दोन पोरं टीममध्ये. आमच्याकडं निवडणूक अशीच जमवतात. त्या हरामखोरानं माझा निरोप जसाच्या तसा चर्चेच्या पानावर चिकटवला. आता केरळपासून मणिपूरपर्यंतची माणसं मला शिव्या घालतायत. इंग्रजीतल्या शिव्या फोन मराठीत करून देतो, त्या फार सभ्य होतात. "हा गृहस्थ लज्जास्पद आहे." लज्जास्पद! आमच्या तालुक्यात येऊन बघ म्हणावं.

आणि यात ती शरयू मध्ये पडली. तिनं लिहिलं की नाथाजींनी बोलणी केली, नियम मोडलेला नाही, आता विषय पुरे. आणि पुढं: "जोसेफ टोपनो हा आजघडीला देशातला डाव्या बाजूचा सर्वात चांगला बचावपटू आहे आणि तो नाथाजींनी घडवलाय. असा माणूस मॅनेजर झाला तर टीमचं भलंच होईल. नाथाजीदादा, टोपनोला तुम्ही कसं तयार केलंत ते सगळ्यांना सांगाल का?"

डाव बघा. टोपनो माझ्या क्लबात सतरा वर्षांचा काडीपैलवान म्हणून आला होता. त्याला आधी नुसतं पळायला लावलं, बॉलला हात, म्हणजे पाय, लावू दिला नाही, मग बचाव, मग लांब पास. दोन वर्षांची माझी मेहनत. ती हिला फुकटात पाहिजे, तीही सगळ्यांसमोर. मी लिहिलं, "निवडून द्या, मग सांगतो."

आणि फोन पालथा घालून जेवायला बसलो.

जेवताना संयोगिता म्हणाली, "तुमचा त्यो डाव्या बाजूचा पोरगा दमलाय. ह्या आठवड्याला बसवा त्येला." माझ्या फोनमध्ये डोकावत असणार. हिला फुटबॉलमधलं काय कळतंय? पण टोपनो दमलेला होता हे खरं आहे. बसवला.

१५ जानेवारी, बुधवार

काल संक्रांत. शरयूनं मराठी क्लबवाल्यांना तिळगुळाचा मेसेज पाठवला, त्याच्याखाली ही लांबलचक सूचना: मतदान कसं करायचं, कुठलं कनेक्शन चालतं, घरात दोन खाती असतील तर काय करायचं, वगैरे वगैरे. मी पहिल्या दोन ओळी वाचून सोडून दिलं. वीस वर्षं निवडणुका कोळून प्यायलेल्या माणसाला ही मतदान शिकवणार. तिळगूळ ठेव म्हणावं तिकडंच वाईत.

'पाणंद'ला आज रोखठोक मेसेज टाकला: "मत कुणाला जातंय ते निकालात दिसतं. सांगलीत राहून सांगलीच्या माणसाला मत दिलं नाही तर घर शोधून काढू. विचार करून वागा." असल्या लोकांना हीच भाषा कळते.

संध्याकाळी संयोगिताचं काहीतरी बिनसलं होतं. ताट असं आपटलं की आमटी टेबलावर. आमटीत मीठ नाही. काय झालं विचारलं तर म्हणते, "काई न्हाई. घर शोधा जावा कुणाचं तरी." डोक्यावर परिणाम झालाय. मीच मीठ घेऊन खाल्लं.

शिवाय माझा फोन पुढं करून म्हणाली, "ह्यात कायतरी आलंय, 'हो' दाबा." मी म्हटलं कसलं? म्हणे, "एकाच घरातली म्हणून ल्हिवून द्यायचं असतंय, वायफाय एक हाय म्हणून." कपडे मागवायच्या ॲपचं काहीतरी झंगट असणार. वाद नको म्हणून दाबलं.

१९ जानेवारी, रविवार

भाऊसो दुकानात आला होता. मोटार वगैरे काही नाही, सहजच. सहज येणारा माणूस निवडणुकीच्या दिवसांत मला आवडत नाही. म्हणाला, "त्या शरयूबाईचा बेत वाचला रं मी. लय चांगलं ल्हिवलंय गड्या. तू बी ल्हिव की तुझा."

"म्हंजे तू तिला टाकनार?"

"तसं म्हनलो व्हय मी? वाचला म्हनलो."

वाचला म्हणजे अर्धा गेला. जयराजचं तर विचारूच नका. गेल्या वर्षी त्याची टीम बुडत होती तेव्हा शरयूनंच त्याला खेळाडू सुचवले होते. त्याचं मीठ जागं झालं की संपलं.

मी ठरवलं. सहल काढायची.

आमच्याकडं अटीतटीची निवडणूक असली की मतदारांना मतदानाच्या आधी सहलीला नेतात. लांब कुठंतरी ठेवायचं, खाऊपिऊ घालायचं, फोन काढून घ्यायचे, म्हणजे समोरच्याला ते सापडत नाहीत. मग थेट मतदानाला उतरवायचे. या पद्धतीनं मी दादांना तीन वेळा निवडून आणलंय. बामणोलीच्या अलीकडं, धरणाच्या पाण्याकाठी एक कॅम्प माझ्या माहितीचा आहे. तिथं फोनला रेंज नाही. कॅम्पच्या ऑफिसात तेवढं वायफाय आहे. याहून चांगली जागा देवानं दिली नसती. सगळ्यांना सांगितलं: तेवीसला संध्याकाळी गाडी येईल, मटण आहे, नाही म्हणायचं नाही.

गुलालाची पिशवी घेऊन दुकानातल्या तांब्याच्या तारेच्या बंडलामागं ठेवली.

२३ जानेवारी, गुरुवार

गाडीत बसल्या बसल्या पिशवी फिरवली. पहिला फोन जयराजचा घेतला.

तो म्हणाला, "नाथाभाऊ, घरी फोन तरी करू द्या पोचल्यावर."

"मी कळवतो घरच्यांना."

भाऊसो हसायला लागला. "आरं, फोन काय घेतोस? मत फोनवरनंच टाकायचंय न्हवं?"

"टाकायच्या वक्ताला देतो."

"मग आत्ता घेऊन काय करनार, लोनचं घालनार?"

सगळे हसले. हसू देत. वीस वर्षांत प्रत्येक सहलीत पहिल्या दिवशी सगळे हसतात.

२४ जानेवारी, शुक्रवार

कॅम्पवर जेवण करणाऱ्या हरणाबाईनं फोनची पिशवी बघितली आणि म्हणाली, "मागल्या म्हैन्यात बी एक पार्टी आलीवती अशीच. तुमची कुटली सोसायटी?"

मी म्हटलं, "भारताची."

"लय मोठी असंल मग," म्हणाली आणि रस्सा वाढायला गेली.

दिवसभर पाण्याकाठी पत्ते. दुपारी सगळे फुटबॉलवर बोलत बसले. भाऊसो आर्मीत असताना पलटणीकडून खरा फुटबॉल खेळायचा, ते त्यानं उठून काठी घेऊन दाखवलं. जयराजनं मला टोपनोबद्दल विचारलं. सगळे कान देऊन ऐकायला लागले तेव्हा मी बोलत सुटलो. आधी पळणं, मग बचाव, मग पास, का, कसं. तासभर. जयराज म्हणाला, "ह्ये तुमी पानावर ल्हिवलं आसतं तर ती बाई बी तुमालाच मत देती."

मी विषय तोडून पत्ते पिसायला घेतले. मला बोलतं करून माहिती काढायला त्याला पाठवलं असेल हे माझ्या उशिरा लक्षात आलं. रात्री फोनची पिशवी उशाला घेऊन झोपलो.

२५ जानेवारी, शनिवार

जे झालं ते क्रमानं लिहितो.

दुपारी चारला ऑफिसात टेबल मांडलं. एकेकाला आत बोलवायचं, त्याच्या हातात फोन द्यायचा, वायफाय जोडायचं, आणि तो मत देईपर्यंत शेजारी बसायचं. जयराज आत आला तेव्हा मी जरा जास्तच वाकून बघत होतो. त्यानं माझ्या नावावर बोट ठेवलं आणि माझ्याकडं बघत दाबलं. "दिसलं का?" म्हणाला. मी म्हटलं, "पुढचा."

भाऊसोला घाई होती. उद्या सव्वीस जानेवारी, गावच्या शाळेत झेंड्याला सलामी द्यायला दरवर्षी तो युनिफॉर्म घालून उभा असतो. "नाथा, रातच्याला मला पोचीव बाबा. झेंडा चुकला न्हाई पायजे."

शेवटी मी माझं मत दिलं. अकरा आणि मी. सगळी मतं मला. एकही फुटलं नाही. मला काय वाटलं ते लिहितो, कारण ते परत वाटेल की नाही माहीत नाही: मला वाटलं, उद्या पहिल्यांदा जो आकडा येईल तो माझा असेल. पाण्याकडं तोंड करून उभा राहिलो. डोळे भरून आले होते आणि ते या लोकांना दाखवायचे नव्हते.

सहा वाजता फोन वाजला. माझा, आणि पिशवीतले अकराही एकदम.

"एकाच कनेक्शनवरून पाठोपाठ बारा क्लबांनी एकाच उमेदवाराला मतं दिली आहेत. हे एकाच व्यक्तीचे क्लब असल्याचा संशय आहे. बाराही मतं रद्द. बाराही क्लब चौकशीपर्यंत बंद."

कुणीतरी म्हणालं, शरयूबाईनं संक्रांतीला हेच तर लिहिलं होतं, एका वायफायवरून मतं देऊ नका म्हणून. मी म्हटलं, मग आधी बोलला का नाहीस? तो म्हणाला, "तुमी वाचलं आसंल म्हनून. पुढारी तुमी हाय."

जयराजनं आपला फोन पिशवीतून घेतला आणि डांबरी रस्त्याकडं चालत निघाला. गाडीत बसलाच नाही.

भाऊसो माझ्याजवळ आला. ओरडेल असं वाटलं होतं. मला ओरडणारी माणसं हाताळता येतात. पण तो हळू आवाजात बोलला.

"नाथा, आमी तुलाच टाकनार हुतो की रं. गाडीत बसायच्या आदीच समद्यांचं ठरलंवतं. तू फुटबॉलला लावलंस आमाला, तुला सोडून कुनाला टाकनार? फोन कशापायी काढून घेतलंस?"

निवडणुकीत याचं उत्तर कधी द्यावंच लागत नाही. माणूस मत देणार असेल तर त्याला कुलूप का, असा प्रश्न वीस वर्षांत मला कुणी विचारला नव्हता, मीही स्वतःला विचारला नव्हता.

२६ जानेवारी, रविवार

रात्रीतून बाकीच्या सगळ्यांना घरी सोडलं. भाऊसो दाढी न करता झेंड्याला उभा राहिला. मी लांबून बघितलं, जवळ गेलो नाही.

निकाल लागला. आठ मतांनी पडलो. ती बारा असती तर आलो असतो.

म्हणजे गोव्यानं आणि केरळनं शिव्या घालूनसुद्धा मला मतं दिली. टोपनोमुळं, असं दोघातिघांनी लिहिलंय. आणि माझ्या घरच्या माणसांची मतं मी माझ्या हातानं पाण्यात घातली. दादा ऐकतील तेव्हा पोट धरून हसतील. ऐकलंही असेल.

जिल्हावार निकाल बघितला. सातारा: शरयू. सांगली: शरयूला शून्य. मला एक.

एक! सांगलीतले आम्ही सगळे तर रद्द झालेलो. मग हे एक कुणाचं? पुन्हा पुन्हा बघितलं. जिल्ह्यात चालू राहिलेला क्लब एकच, 'पाणंद'.

२९ जानेवारी, बुधवार

शरयूचा मेसेज. तिनं गेमच्या लोकांना लिहून दिलं की ती बारा माणसं खरी आहेत, ती त्यांना ओळखते, आमच्या भागात निवडणुकीआधी सहलीला जायची रीत आहे, त्यातून हा घोळ झालाय, फसवायचा हेतू नव्हता. त्यामुळं अकरा क्लब आज परत सुरू झाले. माझाही झाला. पण मतदारांचे फोन ताब्यात ठेवले आणि शेजारी बसून मतं घेतली हे चौकशीत कुणीतरी सांगितलंय, त्यामुळं मला यापुढं कधीच निवडणुकीला उभं राहता येणार नाही. कधीच.

पुढं लिहिलंय: "टोपनोला मी टीममध्ये घेतलंय. मुलं तयार करण्याचं काम तुमच्याइतकं कुणाला जमत नाही. ते काम तुम्ही बघाल का? नाव तुमचंच राहील."

वा. म्हणजे काम मी करायचं आणि मॅनेजर ती. आणखी एक दादा. फरक एवढाच की ही विचारून राबवून घेणार. मी लिहिलं, "टोपनोला सलग दोन मॅच खेळवू नका, तो दमतो." एवढंच. ते टोपनोसाठी.

तिनं लगेच आभार मानले. या बाईला भांडतासुद्धा येत नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

भाऊसो दुकानाकडं फिरकत नाही. जयराजनं फोन उचलला नाही. दादांचा मात्र आला. "आरं, भारताचा मॅनेजर झाला न्हाईस म्हनं? ये की परत, पुढच्या म्हैन्यात सोसायटी लागतीया." मी फोन कापला. उद्या परत येईल. परवा कदाचित मी कापणार नाही, हे मला माहीत आहे आणि त्याचाच जास्त राग येतोय.

संध्याकाळी संयोगिता दुकानात डबा घेऊन आली. तारेच्या बंडलामागची पिशवी हिच्या हाताला लागली.

"ह्यो गुलाल कुनाचा?"

"कुनाचा न्हाई. फेकून दे."

तिनं पिशवी उघडली, चिमूट घेतली आणि मी मागं सरायच्या आत माझ्या कपाळाला लावली. "आवं, एक मत तर पडलं न्हवं? तेवढ्याचा तरी लावून घ्या."

मी पुसला. हरलेल्या माणसाला गुलाल लावून कुणी चेष्टा करतं का? तिनं डबा ठेवला आणि माझ्याकडं न बघता गेली. आता हिला कशाचा राग आला? शिवाय एका मताचं मी हिला सांगितलंच नव्हतं. भाऊसोनं गावभर केलेलं असणार.

गुलालाचं बोट दादांच्या फोटोला पुसलं. त्यांना सवय आहे.

त्या 'पाणंद'चा विचार मात्र डोक्यातून जात नाही. दुपारी त्याची टीम उघडून बघितली. डाव्या बाजूला सतरा वर्षांचा एक काडीपैलवान आहे आणि त्याला नुसतं पळायला लावलंय, बॉल दिलेला नाही. माझी पद्धत कुणीतरी चोरलीय. त्या माणसाला मी धमकी दिली, तरी त्यानं मत दिलं. पद मागितलं नाही, जेवण मागितलं नाही, सहलीला आला नाही, दिलं म्हणून सांगायलाही आला नाही. वीस वर्षांत असं मत मी बघितलेलं नाही. यात काहीतरी डाव असणार.